पवनचक्क्यांचा आवाज रात्री, घरापाशी आणि चक्क्या बंद ठेवूनही मोजावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पवनचक्क्यांच्या आवाजावरून वाद उभा राहिला की वर्तमानपत्रांत बहुधा दोनच विधाने शेजारी शेजारी छापून येतात. रहिवासी सांगतात की रात्री झोप लागत नाही, आणि प्रकल्प चालवणारे सांगतात की आवाज ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे. वाचणाऱ्याचा साहजिकच समज होतो की दोघांपैकी कुणीतरी खोटे बोलत असावे. ध्वनिमापनाच्या क्षेत्रात काम करणारी व्यक्ती म्हणून मला सांगावेसे वाटते की ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण मर्यादेशी ताडून पाहिलेला आकडा ज्या पद्धतीने काढलेला असतो त्या पद्धतीत ती त्रासाची रात्र एक तर मोजलीच गेलेली नसते किंवा सरासरीत विरून गेलेली असते. म्हणून मर्यादा किती असावी या चर्चेआधी आवाज कुठे, केव्हा आणि कसा मोजला हे विचारले पाहिजे, आणि त्याचे उत्तर मागण्याचा अधिकार शेजारी राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला असला पाहिजे.

आवाज मुळात येतो कुठून, हे आधी थोडक्यात सांगते. गिअरबॉक्स, जनित्र आणि थंडाव्याचे पंखे यांचा यांत्रिक आवाज आधुनिक चक्क्यांत पुष्कळच आटोक्यात आलेला आहे. उरतो तो पात्यांचा. हवा पात्यावरून घसरत त्याच्या मागच्या धारदार कडेवरून सुटते तेव्हा जो सळसळता आवाज होतो तोच सर्वांत मोठा वाटा उचलतो, आणि तो मुख्यतः पात्याच्या टोकाकडच्या भागात तयार होतो. साठ मीटर लांबीची पाती मिनिटाला १३ फेरे घेत असतील तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ८२ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २९५ किलोमीटर होतो. या कडेच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. त्यामुळे टोकाचा वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर आवाज दोन डेसिबलहून थोडा अधिक उतरतो. त्याच चक्कीची तीन पाती दर दीड सेकंदाला एक या गतीने खाली येत असतात, म्हणून दुरून ऐकणाऱ्याला हा आवाज सलग न वाटता एका ठरावीक लयीत चढत-उतरत असलेला ऐकू येतो. या लयीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते.

कागदपत्रांत सर्वांत जास्त गोंधळ दोन वेगवेगळ्या आकड्यांमुळे होतो. चक्कीच्या माहितीपत्रकात १०५ डेसिबल असे लिहिलेले असते, ती तिची ध्वनिशक्ती असते, म्हणजे स्रोतातून एकूण किती आवाज बाहेर पडतो त्याचे माप. घरापाशी ऐकू येते ती ध्वनिपातळी, आणि ती अंतरानुसार घटते. आवाज सर्व दिशांना सारखा पसरतो असे धरले तर १०५ डेसिबल ध्वनिशक्तीच्या एका चक्कीची पातळी ५०० मीटरवर सुमारे ४० डेसिबल येते आणि अंतर दुप्पट झाले की आणखी सहा डेसिबल कमी होतात. पण चक्की एकटी क्वचितच असते. तेवढ्याच अंतरावर तशीच दुसरी उभी राहिली की तीन डेसिबल वाढतात, दहा असतील तर दहा डेसिबल वाढतात. म्हणून नव्या प्रकल्पाचा अहवाल तपासताना आधीपासून उभ्या असलेल्या, दुसऱ्याच कुणाच्या मालकीच्या चक्क्यांचा आवाज त्यात मिळवला आहे का, हे पहिल्याच पानावर शोधावे. प्रत्येक प्रकल्पाचा हिशेब सुटासुटा केला तर प्रत्येक जण मर्यादेत बसतो आणि मधल्या घराला मात्र सगळ्यांची बेरीज ऐकावी लागते.

चक्की उभी राहण्यापूर्वीचे अंदाज बहुतेक ठिकाणी आयएसओ ९६१३-२ या १९९६ च्या मानकाच्या सूत्रांनी काढले गेले आहेत. ही सूत्रे जमिनीलगतच्या स्रोतांसाठी बांधलेली होती. त्यांची अचूकता अधिक-उणे तीन डेसिबल अशी सांगितली होती ती एक किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी आणि सरासरी ३० मीटरपर्यंतच्या उंचीसाठी. आजच्या चक्कीचे हब, म्हणजे तिन्ही पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग, शंभर मीटर किंवा त्याहून उंचावर असते. जमीन आवाज किती शोषते या एका गृहीतकावरही उत्तर दोन-तीन डेसिबलने हलते. उंच स्रोतांचा दूरवरचा आवाज जुन्या पद्धतीत कमी दाखवला जातो असे प्रत्यक्ष मोजणीत दिसल्यावर जर्मनीत २०१५ मध्ये उंच चक्क्यांसाठी वेगळी अंतरिम गणनपद्धती तयार करण्यात आली. अंदाज निरुपयोगी असतो असे माझे म्हणणे नाही. पण अहवालात ३९.६ असा दशांशासह आकडा आणि शेजारी ४० ची मर्यादा असेल, तर त्या ०.४ डेसिबलच्या फरकावर कुणाचीही झोप सोपवता येणार नाही.

आता रात्रीचा मुद्दा. दिवसा सूर्याने जमीन तापते, हवा वर-खाली घुसळली जाते, आणि जमिनीजवळचा वारा व उंचावरचा वारा यांत फारसे मोठे अंतर राहत नाही. सूर्य मावळला की जमीन थंड होते, हवेचे थर एकमेकांवर शांत बसतात, आणि मग खाली पानही हलत नसताना शंभर मीटरवर वारा जोरात वाहत राहतो. चक्की पूर्ण वेगाने फिरत असते, पण तिचा आवाज झाकणारी झाडांची सळसळ घराभोवती नसते. शिवाय अशा थरांत वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज वर निसटून न जाता जमिनीकडे वाकतो. फ्रिट्स व्हान डेन बर्ग या डच भौतिकशास्त्रज्ञाने जर्मनी-नेदरलँड्स सीमेजवळच्या १७ चक्क्यांच्या प्रकल्पापाशी चार महिन्यांत ४०० हून अधिक रात्रीच्या तासांची मोजणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्यावरून जेवढा अपेक्षित होता त्याच्या २.६ पटींपर्यंत वारा रात्री हबच्या उंचीवर आढळला, आणि खालच्या तेवढ्याच वाऱ्याला दिवसा जी पातळी असे त्यापेक्षा रात्रीची पातळी १५ डेसिबलपर्यंत जास्त भरली. मूळ परवान्याच्या अहवालात दिवसाच्या वाऱ्याचे ठरावीक गुणोत्तर धरलेले होते. तेथील रहिवासी १,९०० मीटरपर्यंतच्या अंतरावरून तक्रार करत होते, आणि मोजणीने त्यांच्या तक्रारीला आधार दिला.

हे प्रसिद्ध होऊन आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही तपासणीचे पथक दुपारी येते, पंधरा-वीस मिनिटे यंत्र धरून उभे राहते आणि अहवालात एक आकडा लिहून जाते, असे प्रकार जिथे चालतात तिथे त्या अहवालाला मापन म्हणू नये. वाऱ्याची नोंद हबच्या उंचीवरची हवी, आणि रात्रीच्या स्थिर हवेतील तास वेगळे काढून दाखवलेले हवेत.

सरासरीचा प्रश्न यालाच जोडून येतो. नेदरलँड्समध्ये २०११ पासून दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ४७ डेसिबल आणि फक्त रात्रीसाठी ४१ डेसिबल अशी मर्यादा होती, पण ती वर्षभराच्या सरासरीवर. समजा, दर दहा रात्रींपैकी एका रात्री घरापाशी ४७ डेसिबल भरतात आणि उरलेल्या नऊ रात्री ३५. डेसिबलच्या हिशेबाने वर्षाची सरासरी ३९ येते. कागदावर प्रकल्प मर्यादेच्या खाली राहतो आणि त्या घराच्या वाट्याला वर्षातल्या तीन डझन रात्री मर्यादेच्या बऱ्याच वरच्या आवाजात काढणे येते. २०२१ च्या जूनमध्ये तेथील राज्य परिषदेने, म्हणजे प्रशासकीय वादांसाठीच्या सर्वोच्च न्यायालयाने, या मर्यादा ठरवताना आधी पर्यावरणीय मूल्यांकन झालेले नव्हते म्हणून तीन किंवा अधिक चक्क्यांच्या प्रकल्पांना त्या लावता येणार नाहीत असा निर्णय दिला. याउलट जर्मनीच्या १९९८ च्या नियमावलीत रात्रीचे मूल्यमापन सर्वांत गोंगाटाच्या एका पूर्ण तासावर होते. माझ्या मते माणसाच्या झोपेशी इमान राखणारी पद्धत हीच आहे. झोप एकदा मोडली की ती त्या तासात मोडते, आणि पुढच्या महिन्यातल्या शांत रात्री ती भरून काढत नाहीत.

डेन्मार्कमध्ये उघड्या ग्रामीण भागातील घरांसाठी सेकंदाला सहा मीटर वाऱ्याला ४२ आणि आठ मीटर वाऱ्याला ४४ डेसिबल, तर वस्तीसाठी ३७ आणि ३९ अशी मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये १९९६ साली तयार झालेल्या ईटीएसयू-आर-९७ या पद्धतीत मर्यादा स्थिर नसते. चक्की येण्यापूर्वीचा पार्श्वध्वनी वाऱ्याच्या प्रत्येक वेगाला मोजून त्यावर पाच डेसिबलची मुभा दिली जाते, आणि फार शांत ठिकाणी दिवसासाठी ३५ ते ४० व रात्रीसाठी ४३ डेसिबल अशी तळरेषा धरली जाते, म्हणजे मर्यादा तिच्या खाली जात नाही. पार्श्वध्वनीशी तुलना करण्याची कल्पना मला मनापासून पटते, कारण २५ डेसिबलच्या शांततेत आलेले ४० डेसिबल आणि रस्त्याकडेच्या ४५ मध्ये मिसळलेले ४० यांचा अनुभव सारखा असूच शकत नाही. पण रात्रीची तळरेषा दिवसापेक्षा सैल का, हे पाहण्यासारखे आहे. रात्री माणूस घरात असतो असे धरून शयनगृहातील ३५ डेसिबलपासून सुरुवात केली, उघड्या खिडकीतून येताना दहा डेसिबल कमी होतात म्हणून ते दहा बाहेर मिळवले, मापनाच्या पद्धतीतील फरकापोटी दोन वजा केले, आणि ४३ हा आकडा आला. पुढे १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शयनगृहासाठी ३० डेसिबल सुचवले, पण ४३ मात्र तसाच राहिला. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी रात्रीची ४५ डेसिबलची जी सर्वसाधारण मर्यादा आहे, तिचाही आधार चक्क्यांच्या संदर्भात घेतला जातो. ती कोणत्याही आवाजासाठी आहे, पार्श्वध्वनी किती होता हे ती विचारत नाही आणि लयीत चढणाऱ्या-उतरणाऱ्या आवाजाला वेगळे वजनही देत नाही.

प्रत्यक्ष मापनात काय काय बिघडते, हे थोडे तपशिलाने लिहिण्याची परवानगी द्यावी, कारण रहिवाशांना अहवाल वाचताना याचाच उपयोग होईल. मायक्रोफोन जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर आणि भिंतीपासून किमान साडेतीन मीटर दूर असावा लागतो. भिंतीच्या लगत ठेवला तर परावर्तनाने आकडा तीन डेसिबलपर्यंत फुगू शकतो. त्यावर फोमचा छोटा गोळा बसवून भागत नाही, कारण वारा त्या गोळ्यावर घासून स्वतःच आवाज करतो आणि यंत्र तो इमानदारीने नोंदवते. यासाठी मोठे, दुहेरी वारारोधक आवरण लागते, मायक्रोफोनपाशी वारा सेकंदाला पाच मीटरच्या वर गेला तर ती नोंद बाजूला ठेवावी लागते, आणि पावसाचे तासही वगळावे लागतात. चक्की येण्यापूर्वीच्या मोजणीसाठी जागा निवडताना जवळ वाहते पाणी, पंप किंवा दाट झाडी असेल तर पार्श्वध्वनी जास्त भरतो आणि त्यावर आधारलेली मर्यादा आपोआप वर जाते. हाच परिणाम ऋतूचाही होतो. रातकिड्यांच्या हंगामात मोजलेली रात्र यंत्राला बरीच गोंगाटाची वाटते, पण रातकिड्यांचा उंच पट्टीतला आवाज चक्कीच्या खालच्या पट्टीतल्या आवाजाला झाकू शकत नाही. नोंद वारंवारितेच्या पट्ट्यांनुसार ठेवली असेल तर तो भाग नंतर गाळता येतो. फक्त एकच एकत्रित आकडा ठेवला असेल तर काहीही करता येत नाही.

एक बाब क्षुल्लक वाटेल, पण तिने अहवालच्या अहवाल वाया जातात. ध्वनिमापकाचे घड्याळ आणि चक्कीच्या नियंत्रण प्रणालीचे घड्याळ जुळलेले असले पाहिजे. चक्कीची यंत्रणा दर दहा मिनिटांना वाऱ्याचा वेग, दिशा, फेरे आणि वीजनिर्मिती नोंदवत असते, आणि आवाजाच्या प्रत्येक दहा मिनिटांची सांगड याच नोंदीशी घालायची असते. एक घड्याळ स्थानिक वेळेवर आणि दुसरे जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर जोराचा वारा शांत तासांच्या खात्यात जातो, आलेखावरचे ठिपके सैरभैर पसरतात आणि आवाजाचा वाऱ्याशी संबंध दिसत नाही असा निष्कर्ष निघतो.

घरापाशी मोजलेल्या आवाजातला चक्कीचा वाटा किती, हे ठरवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे चक्क्या थोडा वेळ बंद ठेवणे. रात्री वारा, दिशा आणि हवेची स्थिती तीच असताना चक्क्या चालू ठेवून ४३ डेसिबल भरले आणि बंद करून ४० भरले, तर चक्क्यांचा स्वतःचा आवाज ४० डेसिबल होता असे निःशंकपणे सांगता येते. हा फरक तीन डेसिबलपेक्षा कमी असेल तर वजाबाकी भरवशाची राहत नाही, आणि तसेही प्रामाणिकपणे लिहिता येते. अशी चाचणी एकदाच करून चालणार नाही. वाऱ्याच्या वेगवेगळ्या वेगांना आणि विशेषतः घराच्या दिशेने वारा वाहत असताना ती व्हावी लागते. त्यात थोड्या वेळाची वीजनिर्मिती जाते, एवढाच काय तो खर्च. इतक्या थोडक्या किमतीत वाद मिटवणारा पुरावा हाती येत असताना ती चाचणी परवान्याच्या अटींत सर्वत्र सक्तीची नसावी, याचे मला अतिशय वाईट वाटते.

आता त्या लयीकडे वळते. जवळ उभे राहिले की पात्यांची सळसळ मऊ वाटते. पण काही रात्री, विशेषतः पात्याच्या फेऱ्यात वरच्या बाजूला वारा जोराचा आणि खालच्या बाजूला मंद असताना, पाते वरच्या टप्प्यात असताना त्याच्यावरून हवेचा प्रवाह काही क्षण सुटतो आणि दूरवर, वाऱ्याच्या दिशेला, धप्-धप् असा खालच्या पट्टीतला ठोका ऐकू येतो. पातळी दर दीड सेकंदाला पाच-सहा डेसिबलने वर-खाली होत असते. दहा मिनिटांतील नव्वद टक्के वेळ ज्या पातळीच्या वर आवाज राहिला तीच पातळी नोंदवण्याची जी पद्धत ब्रिटिश चौकटीत वापरतात, तिच्यात या ठोक्याचे शिखर दिसतच नाही. तिथे फक्त तळ दिसतो. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ अकॉस्टिक्सने २०१६ मध्ये हा चढउतार मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या बारीक नोंदी घेऊन त्यांतून पात्यांच्या गतीशी जुळणारा चढउतार वेगळा काढला जातो. म्हणजे साधन उपलब्ध आहे. आवाजात एखादा ठळक सूर असेल तर मोजलेल्या पातळीत पाच डेसिबलपर्यंत दंड मिळवण्याची प्रथा कित्येक ठिकाणी आहेच. तशीच तरतूद या ठोक्यासाठीही असली पाहिजे, कारण छताकडे पाहत पडलेल्या माणसाला पुढचा ठोका केव्हा येणार याचीच वाट पाहायला लावणारा हा आवाज असतो. २०२४ मध्ये आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने एका प्रकल्पाचा रात्रीचा आवाज उपद्रव ठरवला तेव्हा या चढउताराला निर्णयात महत्त्वाचे स्थान होते. त्याआधी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही रात्रीच्या आवाजाबद्दल शेजाऱ्यांना नुकसानभरपाई दिली होती.

इथेच दुसऱ्या बाजूलाही स्पष्ट बोलणे मी माझे कर्तव्य समजते. कानाला ऐकू न येणाऱ्या अवश्राव्य ध्वनीमुळे चक्क्यांजवळच्या लोकांना नाना आजार जडतात, असा प्रचार जोरात होत असतो. फिनलंड सरकारने करवून घेतलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, तसेच ऑस्ट्रेलियात ३७ निरोगी, आवाजाला संवेदनशील व्यक्तींना सलग ७२ तास असा ध्वनी ऐकवून केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात याला आधार मिळाला नाही. या भीतीच्या मागे लागल्याने रहिवाशांचेच नुकसान होते. सभेत वेळ त्याच्यावर जातो, तज्ज्ञ ते खोडून काढतात आणि ऐकू येणाऱ्या ठोक्याची खरी तक्रारही त्याच्याबरोबर निकालात निघते. ऐकू येणारा खालच्या पट्टीतला आवाज हा मात्र निराळा विषय आहे. रोजच्या वापरातले ए-भारांकन, म्हणजे माणसाच्या कानाला जसे ऐकू येते त्यानुसार वेगवेगळ्या पट्ट्यांना कमी-जास्त वजन देण्याची पद्धत, ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा करते. दूर अंतरावर हवा उंच पट्टीतला आवाज शोषून घेते, भिंती व खिडक्याही तोच अडवतात, आणि खोलीत शिल्लक राहते ती घरघर. डेन्मार्कने २०१२ च्या आरंभापासून घराच्या आतल्या या खालच्या पट्टीतल्या आवाजासाठी २० डेसिबलची वेगळी मर्यादा घातली, ती याचमुळे.

आणखी एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, की त्रास हा मनाचा असतो. नेदरलँड्समध्ये २००७ साली ७२५ जणांच्या पाहणीत असे दिसले की ज्यांना चक्क्यांपासून आर्थिक लाभ होत होता ते जास्त आवाजात राहूनही जवळजवळ त्रास सांगत नव्हते, आणि ज्यांना चक्क्या घरातून दिसत होत्या ते अधिक त्रास सांगत होते. कॅनडाच्या आरोग्य खात्याने १,२३८ घरांमधील व्यक्तींची पाहणी करून २०१४ मध्ये जाहीर केले की आवाजाच्या पातळीचा संबंध आजारांशी किंवा झोपेच्या मोजमापांशी आढळला नाही, पण पातळी वाढते तसा जाच वाटण्याचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ४५ डेसिबलची सशर्त शिफारस केली आणि फक्त रात्रीसाठी शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे म्हटले. मी हे सगळे अभ्यास मान्य करते. पण लाभ मिळाला की त्रास कमी वाटतो, यातून लाभ न मिळालेल्याचा त्रास खोटा ठरत नाही; उलट ज्याच्या जमिनीवर चक्की नाही आणि ज्याच्या खिडकीत मात्र ती आहे, त्याच्या घरापाशी मोजणी आधी व्हावी, एवढेच त्यातून निघते.

मी वाऱ्यापासून वीज करण्याच्या विरोधात नाही. कोळशाच्या धुराला पर्याय हवाच, आणि त्यासाठी चक्क्या लोकांना शेजारी म्हणून सोसवल्या पाहिजेत. तांत्रिक उपाय हाताशी आहेत. पात्यांच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते बसवले की दोन-तीन डेसिबल कमी होतात, आणि ठरावीक वाऱ्याला, ठरावीक दिशेला, ठरावीक रात्रीच्या तासांत फेरे कमी ठेवण्याची सोय आधुनिक नियंत्रण प्रणालीत असतेच. कोणत्या तासांत फेरे कमी करायचे हे मात्र मोजणीशिवाय कळत नाही. त्यासाठी रहिवाशांनीही तक्रार लिहिताना तारीख, वेळ, कोणत्या खोलीत ऐकू आले, खिडकी उघडी होती की बंद, आणि सळसळ होती की ठोका, एवढे जरूर नोंदवावे. अशी महिनाभराची वही चक्कीच्या नोंदींशेजारी ठेवली की कोणत्या दिशेच्या वाऱ्याला आणि किती फेऱ्यांना त्रास होतो हे बहुतेक वेळा उघड दिसू लागते.

परवाना देणाऱ्या यंत्रणांकडे माझे मागणे आहे की मापन करणारी संस्था प्रकल्पाच्या खर्चाने पण यंत्रणेने निवडलेली असावी, चक्क्या बंद ठेवून करायच्या रात्रीच्या चाचण्यांची अट परवान्यातच लिहावी, आणि दहा-दहा मिनिटांच्या मूळ नोंदी वाऱ्याच्या व फेऱ्यांच्या नोंदींसह कुणालाही पाहता येतील अशा ठेवाव्यात. हे काम चक्की सुरू झाल्यावर एकदा करून थांबू नये. पाऊस, धूळ आणि वाळू यांनी पात्याची पुढची कड वर्षानुवर्षे खरवडली जाते, तिच्यावरचा प्रवाह बिघडतो आणि आवाज वाढतो. म्हणून काही वर्षांनी, तसेच पाती दुरुस्त केल्यावर किंवा बदलल्यावर, त्याच घरांपाशी, त्याच ठिकाणी मायक्रोफोन ठेवून मोजणी पुन्हा व्हावी आणि तिचे आकडे पहिल्या आकड्यांच्या शेजारी प्रसिद्ध व्हावेत.

कळावे,

आपली विश्वासू,
ध्वनिमापनाच्या क्षेत्रात काम करणारी एक वाचक